कावळा कुणाच्या बोलाला शिवला

मालननं केरसुणी उचलली आणि गॅलरीच्या कठड्यावर बसलेल्या कावळ्याला फेकून मारली. कावळा दोन हात बाजूला सरकला आणि मान वाकडी करून पुन्हा खोलीत बघायला लागला. केरसुणी मात्र खाली चौकात, नळावर भांडणाऱ्या बायांच्या मधोमध जाऊन पडली. एकमेकींच्या उरावर बसायला निघालेल्या त्या बायांची तिथल्या तिथं एकी झाली आणि सगळ्यांनी मिळून वर तोंड करून मालनच्या सात पिढ्या उद्धरल्या.

"डोकं फिरलंय काय गो तुझं?" कमलाबाई स्टोव्ह सोडून धावत बाहेर आली. "कुणाच्या कपाळात बसली असती म्हणजे?"

"बसू दे. ह्याला आधी हितनं घालव."

"मी घालवू? माझी काय छाती! दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं हा येतोय. अख्ख्या भोईवाड्यात एवढी दारं हायत, पण ह्याला आपलंच दार गावतं. नलू जेवायला बसली की येतो. तुला कळत नाय काय कोण हाय तो?"

"कावळा हाय."

"हो, कावळा हाय!" असं म्हणून कमलाबाईनं त्या कावळ्याकडे बघून हळूच डोक्यावरचा पदर सारखा केला.

कमलाबाई मालनबरोबर गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही, म्हणून मालन आपल्या लेकीला, नलूला, घेऊन लालबागची खोली सोडून आली तेव्हा तिनं या दोघींना आपल्या खोलीत जागा दिली. बाई मनानं चांगली. पण भुताखेतांवर तिचा इतका विश्वास, की सोबतीला एखादं असलं तर तिला बरंच वाटलं असतं. मालनचं तसं नव्हतं. तिला खरोखरीच भीती वाटत होती. जिन्यात कुणी खोकलं की तिचे हात थांबायचे. लवू असाच खोकायचा, आधी एकदा, मग थोडं थांबून दोनदा. शेवटी त्या छातीच्या दुखण्यानंच तो गेला.

लवू तिचा नवरा. म्हणजे होता. तो जाण्याच्या आधीच त्यांची काडीमोड झालेली होती.

ती का झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. या दोघांना पहिला मुलगा झाला, तेव्हा दगडू-लवू असल्या साध्या नावांच्या घरात आपलं पोर तरी देखण्या नावाचं असावं म्हणून लवूनं त्याचं नाव मनमोहन ठेवलं. पोर दोन वर्षांचं झालं आणि गिरणीतल्या सगळ्या बाया करतात तेच मालननं केलं. पोराला बोटीत बसवून मालवणाकडे सासूजवळ धाडलं. तिथं त्याला ताप आला. वैद्य खाडीपलीकडे, पाऊस कोसळत होता, खाडी ओलांडायची होडी बंद होती. मुंबईला बातमी आली तेव्हा पोराला पुरून आठवडा उलटला होता आणि पावसाळ्यामुळे बोटी बंद होत्या. मालनच्या पोटात तेव्हा नलू होती. ती गावाला गेलीच नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

नलू दोन वर्षांची झाली तसा लवू म्हणाला, हिला आता गावाला धाडू. मालननं जे आकांडतांडव केलं ते लालबागच्या त्या चाळीला अजून आठवतं. तुझ्या आईनं माझं पोर मारलं, असं ती म्हणाली. तूच धाडलंस ना त्याला, असं तो म्हणाला. दोघंही बोलू नये ते बोलून बसले आणि मग एका खोलीत राहणं त्यांना जमेना. शेवटी गावकीच्या मंडळाच्या खोलीत जाणती माणसं बसली. दोघांच्या हातात केरसुणीचा हीर, म्हणजे एक काडी दिली, त्यांनी ती दोन बाजूंनी धरून मोडली, आणि मंडळी चहा पिऊन उठली.

आता दहाव्याची गोष्ट. दादरच्या चौपाटीवर सगळे भावकीतले जमले होते. लवूचा भाऊ दगडू क्रियेला बसलेला. गावाहून आलेली आई, जाईबाई, वाळूत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मालन लांब उभी होती, कारण तिथं तिचं नातं उरलं नव्हतं. पण नलूला बापाच्या दहाव्याला आणणं भाग होतं. पिंड मांडले. कावळे भरपूर होते, ओळीनं बसले होते, पण एक पुढे येईना.

दगडू हात जोडून म्हणाला, "लवू, आयेची काळजी करू नको. मी हाय."

कावळे हलले नाहीत.

"तुझं समितीचं काम अर्धं ऱ्हायलं असंल. ते आमी पुरं करू. मुंबई घेतल्याबिगर ऱ्हाणार नाय."

इतर कुठल्याही दिवशी या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. लवू आणि दगडू दोघेही संयुक्त महाराष्ट्र समितीचे कार्यकर्ते, मोर्चात पुढे, एकदा तर दोघं मिळून आत जाऊन आलेले. पण कावळ्यांना त्याचं काही नव्हतं. ऊन वर आलं, वाळू तापली. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवतो. शास्त्राला मान्य आहे."

"नको," जाईबाई म्हणाली. "माझ्या झिलाचा कायतरी रवलाहा. त्याका इचारूक होया."

मग कुणीतरी मागून बोललं, "पोरीत जीव अडकलाय त्याचा." आणि सगळ्या माना मालनकडे वळल्या.

मालन पुढे झाली. तिच्या मागं कुणीतरी खोकलं, आधी एकदा, मग दोनदा. तिनं वळून पाहिलं तर तिथं समुद्राशिवाय काही नव्हतं. जिवंतपणी ज्याच्यापुढे ती एक इंच मागे सरली नव्हती, त्याच्यापुढे ती वाळूत बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "नलूक तुझ्या आवशीच्या ओटयेत घालतंय. सांगलंय मी. आता जेव."

जाईबाईनं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. ओळीतला एक थोराड कावळा उडाला, खाली उतरला आणि पिंडाला शिवला. बायांनी सुटकेचा श्वास टाकला. मालन मात्र वाळूतून उठेचना. कमलाबाईनं तिला काखेत हात घालून उभं केलं.

त्यानंतर हा कावळा भोईवाड्यात यायला लागला.

केरसुणी फेकली त्याच दिवशी संध्याकाळी दगडू आला. गिरणीतून परस्पर आलेला, केसांत कापसाचे तंतू तसेच. आल्या आल्या त्यानं नलूला चॉकलेट दिलं आणि मालनला म्हणाला, "वैनी, आये पुढच्या बोटीनं गावाला चालली. पोरीचे कपडे भरून ठेव."

"एवढ्यात?"

"मिरग आला की बोटी बंद. आणि तू सगळ्यांसमोर बोललीस. आमी जबरदस्ती केली काय? पोर आमची हाय, आमच्याकडंच ऱ्हायला पायजे." सभेत 'मुंबई आमची' म्हणताना त्याचा जो आवाज लागायचा तोच आता लागला होता, फक्त मूठ वर गेली नव्हती.

दगडू वाईट माणूस नव्हे. लवूनं गिरणीच्या पगारातून गावाला भरडावरची, म्हणजे उंचावरच्या माळाची, जागा घेतली होती आणि तिथं हापूसची कलमं लावली होती. पोर घरात राहिली तर कलमं घरात राहतील, एवढा साधा त्याचा हिशेब. त्यालाही चार पोरं होती.

मालन म्हणाली, "आपण अच्युतरावांकडं जाऊ. ते सांगतील तसं."

यावर दगडूला नाही म्हणता येईना. अच्युतराव वकील म्हणजे गिरगावातल्या खोताच्या वाडीतले. घराणं जुनं, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईचं. चळवळीत पकडलेल्या कितीतरी गिरणी कामगारांना त्यांनी फी न घेता सोडवलं होतं, त्यात हे दोघे भाऊही होते. त्यांचा शब्द दोन्हीकडे चालायचा.

रविवारी सकाळी सगळे ट्रामनं गिरगावात उतरले. दगडू पुढे, त्याच्या मागे नऊवारीचा पदर दातांत धरून जाईबाई, आणि बऱ्याच अंतरावर नलूचा हात घट्ट धरून मालन. खोताच्या वाडीत लाकडी घरांच्या ओट्यांवर माणसं निवांत बसलेली. कुणाच्या तरी घरात पेटी वाजत होती. अच्युतरावांनी सगळ्यांना खालच्या खोलीत बाकांवर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "एकेक गोष्ट सांगतो. मालनबाई, पहिली तुम्हाला आवडणार नाही. काडीमोड. नवा कायदा आला तरी जातीची जुनी रीत त्यानं राखलेली आहे. तुमच्यात ही रीत पूर्वापार आहे, पंच बसले, दोघांच्या मर्जीनं झालं. तेव्हा ती मोड खरी. तुम्ही लवूची विधवा नाही. त्याच्या जागेत, कलमांत तुमचा वाटा नाही."

"मला नकोच हाय."

"तुम्हाला नको, पण मुलीला आहे. लवूनं मृत्युपत्र केलं नाही. म्हणजे त्याचं जे काही असेल ते त्याची आई आणि त्याची मुलगी यांचं, दोघींचं सारखं. दगडू, या दोघी असताना भावाचा नंबर लागत नाही. आणि पोर कुणाच्या घरी राहते यानं वाटा बदलत नाही. ती गावाला राहिली काय, भोईवाड्यात राहिली काय, अर्धं तिचंच."

दगडू बाकावर जरा मागे सरकून बसला. "आणि पोर?"

"बापामागं पालक आई. काडीमोडीनं नवराबायको सुटतात, आईपण सुटत नाही. आजीनं अर्ज केला तरी न्यायाधीश आधी मुलीचं भलं कशात आहे ते बघेल. पण मालनबाई, हे नीट ध्यानात ठेवा. तुम्ही आपण होऊन तिला गावाला पाठवलीत, ती तिथं रुळली, शाळेत गेली, की उद्या परत आणताना तेच तुमच्या आड येईल. आज हक्क तुमचा आहे. आपल्या हातानं सोडू नका."

"ते सगळं खरं," दगडू म्हणाला. "पण हिनं मेलेल्या माणसाला शब्द दिलाय. कावळा शिवला. त्याचं काय?"

"कोर्टात त्याला काही वजन नाही." अच्युतराव हे झटकन म्हणाले खरे, पण मग खिडकीबाहेर बघत राहिले. "माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही बाणगंगेवर पिंड मांडून ऊन डोक्यावर येईपर्यंत उभे होतो. वजन नाही, एवढंच मी वकील म्हणून सांगू शकतो." त्यांनी तिथं काय कबूल केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मालन खाली बघत होती. कायदा आपल्या बाजूचा निघाला तर छातीवरचा धोंडा उतरेल अशा आशेनं ती इथवर आली होती. कायदा बाजूचा निघाला आणि धोंडा होता तिथंच राहिला. कोर्टाच्या निकालाचा कागद तिनं कठड्यावर ठेवला असता तरी तो कावळा काही उठून जाणार नव्हता. जिन्यातला खोकला थांबणार नव्हता. आणि शब्द मोडला म्हणून लवूनं नलूलाच काही केलं तर? हा विचार इतके दिवस तिनं मनाच्या दारातच अडवून धरला होता. आता तो आत आला.

"वकीलसाहेब, तुमी सांगितलंत ते कळलं," ती म्हणाली. "पण मी बोललंय. माझ्या तोंडानं बोललंय. एक पोर गेला माझा. हिच्यावर हिच्या बापाची नजर नको. घेऊन जावा हिला. जगंल तरी."

असं म्हणून तिनं नलूचा हात सोडला आणि पोरीला जाईबाईकडे ढकललं. नलूला काय चाललंय ते कळलं नाही, पण आईचा हात सुटला एवढं कळलं आणि तिनं भोकाड पसरलं.

पोर अंगावर येऊन आदळली तरी जाईबाईनं तिला जवळ घेतलं नाही. तिनं दोन्ही हात मागं घेतले.

"माका नको," ती म्हणाली.

"आये!" दगडू ओरडला.

"तू गप रव. मालन, हय बघ माझ्याकडे. चौपाटयेर तू तोंडान सांगलंस. त्याच टायमाक मीय सांगलंय. मनात."

"काय सांगलंस?" मालनची मुंबईची बोली आता गळून पडली होती.

"सांगलंय, लवू, तुझ्या चेडवाक, नलूक, मी तिच्या आवशीपासून तोडूचंय नाय. एकदा तोडलंय, ता पुरे झाला. मन्या तापान फणफणता नि 'आई, आई' करता, नि मी सांगतंय, ही बघ मी आई. तर माझो हात ढकलून दी. शेवटापर्यंत ढकली होतो. ता मी कोणाक सांगूक नाय. लवूकव सांगूक नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तू बोललंस नि मी बोललंय, दोघींचा एकदमच झाला. नि मगे कावळो शिवलो. आता तो तुझ्या बोलाक शिवलो काय माझ्या, ता कोण सांगतलो?"

दगडू तोंड उघडून बसला होता. आईनं मनात दिलेला शब्द खोटा म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती.

अच्युतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग आजी, तुमच्या वाट्याच्या कलमांचं काय करायचं?"

"माझ्यामागसून चेडवाकच. तसा लिवा." ती दगडूकडे वळली. "घर तुझा, भाताचे कुणगे तुझे. भरड मात्र हिचा. थय कोणी कुदळ मारूची नाय. थय माझो मन्या आसा."

मग अच्युतरावांनी मृत्युपत्र कसं करायचं ते तिला समजावून सांगितलं. साक्षीदार दोन लागतात, त्यांच्यादेखत अंगठा करायचा, मनात आलं तर हयातीत कधीही बदलता येतं. जाईबाई म्हणाली, बदलूचा नाय. बाहेर पडताना दगडूनं नलूला उचलून खांद्यावर घेतलं आणि नाक्यावर बर्फाचा गोळा घेऊन दिला. गडी हिरमुसला होता, पण पोरीवर त्यानं राग धरला नाही.

जाईबाई लालबागला न उतरता मालनबरोबर भोईवाड्याला आली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नकोही म्हटलं नव्हतं. ट्राममध्ये गर्दीत नलू आपणहून तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि गोळ्याचं लाल पाणी तिच्या लुगड्यावर सांडत राहिली. ओटीत घालीन म्हटलं ते असंही घडतं, असं मालनच्या मनात आलं. तिला त्या दिवसांत पहिल्यांदा थोडं हसू आलं.

खोलीवर पोचल्या तर कावळा कठड्यावर हजर. कमलाबाईनं जाईबाईला बघितलं, कावळ्याला बघितलं, आणि भाताचं पातेलं मुकाट्यानं पुढे केलं. जाईबाईनं पानावर भाताचे दोन घास घातले, एक मोठा आणि एक अगदी लहान, आणि पान कठड्यावर ठेवलं.

"हो घास लवूचो," ती म्हणाली.

"आणि हा बारका?" नलूनं विचारलं.

जाईबाई मालनकडे बघत राहिली. लहान पोराला अग्नी देत नाहीत, पुरतात. त्याचं दहावं नसतं, पिंड नसतो. बापाला काय हवं नको ते सगळ्या भावकीनं हात जोडून विचारलं होतं. पोराला आजवर कुणीच काही विचारलं नव्हतं.

"तुझ्या भावाचा," मालन म्हणाली.

"मला भाऊ हाय?"

"होता."

"नाव काय?"

ते नाव मालनच्या तोंडून काडीमोडीच्या भांडणानंतर एकदाही निघालं नव्हतं. "मनमोहन," ती म्हणाली, आणि कठड्याला धरून हमसून हमसून रडायला लागली. कावळा उडाला नाही. त्यानं मोठा घास टिपून टिपून खाल्ला, चोच कठड्याला पुसली, आणि लहान घासाजवळ येऊन थांबला.

"इचार त्याका," जाईबाई हळू म्हणाली. "काय होया ता."

विचारायचं काय? दोन वर्षांच्या पोराला आईशिवाय दुसरं काय हवं असणार, आणि नेमकं तेच त्याला मिळालं नव्हतं. तुझ्या आईनं माझं पोर मारलं असं म्हणत मालननं इतकी वर्षं काढली, पण ते पोर कुठं आहे ते बघायलासुद्धा ती गेली नव्हती. गेली असती तर ते खरं झालं असतं, म्हणून गेली नव्हती. हे तिला आता कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं डोळे पुसले. "येतंय मी," ती त्या लहान घासाकडे बघून म्हणाली. "मिरगाच्या आदी येतंय. तुझ्या भैणीक घेऊन येतंय, नि घेऊनच परत जातंय."

कावळा शिवतो की नाही ते बघायला ती थांबली नाही. ती आत आली, सासूच्या समोर जमिनीवर बसली.

"आये," तिनं विचारलं, "भरडावर त्याका नेमको खंय ठेवलास?"

जाईबाईनं तिचा हात आपल्या हातात घेतला, तळवा उलटा केला आणि त्यावर बोटानं दाखवायला लागली. "ही पाणंद. ही गडग्याची वाट. हय तुझ्या घोवान लायलेला पयला कलम. त्येच्या उगवतीक, सावळी पडता थय."